हेलेरुपच्या दोन रिकाम्या खोल्या

मेरेटे सतराव्या वर्षी ज्या नोकरीवर कोपनहेगनला गेली, ती नोकरी तिची नव्हतीच. ती मिळाली होती तिच्या थोरल्या बहिणीला, कोनीला.

त्यांचा बाप एगोन बाक लोलँड बेटावरच्या नाक्स्कोव गावी जहाजकारखान्यात वेल्डर होता. आई इर्मा साखर कारखान्यात हंगामाला बीट धुवायला जायची. दोन मुलींत हुशार कोनी. शाळेत गणिताचे मास्तर फळ्यावर चुकले तर हात वर करायची ती, आणि मास्तर तिचं ऐकायचेसुद्धा. त्याच मास्तरांनी कोपनहेगनच्या एका दंतवैद्याला पत्र लिहून कोनीसाठी शब्द टाकला. त्र्याहत्तर सालच्या वसंतात उत्तर आलं की मुलीला पाठवून द्या, दवाखान्यात मदतनीस म्हणून शिकवू, राहायची सोयही करू.

पण तोवर कोनीचं ब्यार्नेशी जमलं होतं. ब्यार्ने एगोनच्याच हाताखाली वेल्डिंग शिकत होता. बोलणं कमी, कान कायम लाल, आणि कोनी आली की ते जास्तच लाल व्हायचे. पत्र वाचून झाल्यावर कोनी म्हणाली, "मी नाही जायची. मेरेटेला पाठवा."

इर्मा हातातलं भांडं ठेवून म्हणाली, "अगं, अशी संधी पुन्हा येत नाही."

"म्हणून तर म्हणते, वाया कशाला घालवायची? हिला जाऊ दे. त्या डॉक्टरला कुठं माहितीय कोनी कोणती नि मेरेटे कोणती."

मास्तरांनी दुसरं पत्र लिहिलं. मेरेटे कोनीचाच कोट घालून गाडीत बसली. पुढं सगळं आयुष्य जे वेगळं झालं, ते स्वयंपाकघरातल्या त्या पाच मिनिटांत.

दंतवैद्याचं नाव थोरगोर. त्यांचा मुलगा स्टेन तेव्हा बापाच्याच वाटेनं शिकत होता आणि सुट्टीत दवाखान्यात यायचा. मेरेटे दिसायला नीटनेटकी, हातानं चपळ, आणि तिचे कान तर फारच तयार. लोलँडच्या माणसाचं बोलणं म्हणजे शब्दाचं शेपूट गिळायचं आणि वाक्य हेल काढून म्हणायचं. दवाखान्यात पहिल्या आठवड्यात ती "पुढच्या" असं ओरडली तेव्हा खुर्चीतली बाई तोंडात कापूस असूनही हसली. वर्षभरात मेरेटेनं ते बोलणं असं पुसून टाकलं की ती कुठली, हे कोणी विचारीनासं झालं. कोणी विचारलंच तर ती म्हणायची, "दक्षिणेकडची." दक्षिणेकडं बरंच काही आहे.

एकोणऐंशीच्या जूनमध्ये स्टेनशी तिचं लग्न ठरलं. मेजवानी कोपनहेगनच्या श्रीमंत वस्तीत, थोरगोरांच्या हेलेरुपच्या बागेत, तंबू ठोकून. खरं तर ती मुलीच्या बापानं द्यायची. पण स्टेनची आई एस्थरबाई गोड आवाजात म्हणाल्या, "तुमच्याकडून इतक्या लांब सगळ्यांना कशाला त्रास?" मेरेटेला तेव्हा हायसंच वाटलं.

एक गोष्ट मात्र बापाचीच होती. पहिली थाळी उचलली की नवरीच्या बापानं उठून बोलायचं. आणि एगोन बाक म्हणजे बोलणारा माणूस. कारखान्यात कोणाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली की बँडवाल्यांच्या आधी एगोनला सांगावा जायचा. तो उभा राहिला की बायका रुमाल काढून ठेवायच्या, कारण आधी हसून डोळ्यांत पाणी यायचं आणि मग खरंच यायचं. स्वतःच्या मुलीच्या लग्नातलं भाषण तो हिवाळ्यापासून लिहीत होता.

लग्नाच्या दिवशी सकाळी मेरेटे आईबाप जिथं उतरले होते त्या खोलीवर गेली. इर्मा केस करायला गेली होती. एगोन काळ्या सुटात खिडकीशी उभा होता, चष्मा नाकाच्या टोकावर, हातात घडी पडलेले कागद.

"आलीस? बस. सुरुवात तेवढी ऐक, मग सांग कशी वाटतीय."

"बाबा, आज तुम्ही बोलला नाहीत तर चालेल?"

एगोनला वाटलं मुलगी मस्करी करतीय. "का गं? रडशील म्हणून भ्यालीस होय?"

"तसं नाही. इथली माणसं वेगळी आहेत. तुमचे विनोद त्यांना समजायचे नाहीत."

"मग समजावून सांगू की. त्यात काय."

"बाबा, तुमचं बोलणंच समजायचं नाही त्यांना."

एगोननं चष्मा काढला. कागद आधी होते त्याच घडीवर दुमडले आणि खिडकीत ठेवले. खाली रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं.

"पण नवरीचा बाप उठला नाही असं कुठं झालंय का? लोक काय म्हणतील? त्यांना काय सांगायचं?"

याचं उत्तर मेरेटेनं येताना वाटेत तयार करून ठेवलं होतं. "घसा बसलाय म्हणून सांगू."

एगोन तिच्याकडं बघत राहिला. रागानं नाही. एखादा जोड कुठं सुटलाय हे वेल्डर जसा शोधतो, तसा.

"बरं," तो म्हणाला. "बसला घसा."

संध्याकाळी तंबूत पहिली थाळी उचलली गेली, माणसं खुर्च्या वळवून एगोनकडं बघायला लागली. तेवढ्यात थोरगोर डॉक्टर उठले. म्हणाले, नवरीच्या वडिलांचा घसा ऐनवेळी बसला, तेव्हा आज दोन्ही बापांचं काम माझ्यावर आलं आहे. सगळ्यांनी "अरेरे" केलं. एगोन अर्धवट उठला, गळ्याला हात लावला आणि मान लववून बसला.

आणि मग तो रात्रभर बोललाच नाही. मेरेटेनं भाषण नको म्हटलं होतं. बोलूच नका असं ती म्हणाली नव्हती. पण घसा बसलेला माणूस शेजाऱ्याशी गप्पा मारताना दिसला तर मुलगी खोटी पडेल, हे एगोनला तिच्याआधी कळलं होतं. एक न्यायाधीशबाई त्याच्याशेजारी बसल्या होत्या, मायाळू होत्या. त्यांनी स्वयंपाकघरातून गरम पाण्यात मध घालून आणवला. एगोननं ते घोट घोट प्यायलं, हसून, छातीवर हात ठेवून त्यांचे आभार मानले. लोकांनी रचून आणलेली गाणी सगळे मिळून म्हणत होते तेव्हा तो नुसते ओठ हलवत होता. पायाखालच्या लाकडी फळ्यांवर पाय आपटून माणसं नवराबायकोला मुका घ्यायला लावत होती, तेव्हा त्यानंही पाय आपटले. पायांना काही झालं नव्हतं.

नाचाच्या आधी कोनी मेरेटेला गाठून म्हणाली, "बाबांच्या घशाला काय झालं गं? सकाळी तर ब्यार्नेवर ओरडत होते, टाय नीट बांध म्हणून."

"प्रवासाचं असेल," मेरेटे म्हणाली.

कोनीनं तिच्याकडं पाहिलं. मग तिच्या डोक्यावरची वाकडी झालेली जाळी सरळ केली आणि गेली.

निघताना एगोननं मुलीला फाटकापाशी जवळ घेतलं. आसपास कोणी नव्हतं. दोन शब्द बोलला असता तरी कोणाला ऐकू गेलं नसतं. पण तो बोलला नाही. पाठीवर थोपटलं आणि गाडीत जाऊन बसला. चौदा वर्षांनी तो गेला. तोपर्यंत त्या दिवसाबद्दल दोघांतलं कोणी अक्षर काढलं नाही.

इथं स्टेनला दोष देऊन मोकळं व्हावं असं वाटेल, पण तसं नव्हतं. स्टेनला नाक्स्कोव आवडायचं. एगोनबरोबर धक्क्यावर गळ टाकून बसायला आवडायचं. "या शनिवारी जाऊ या का तुझ्याकडं?" असं तोच विचारायचा. मेरेटेच कारण काढायची. कधी तिचं डोकं दुखायचं, कधी त्यांच्या मुलीचा, सेसिलीचा घोड्यावर बसण्याचा वर्ग असायचा. वर्षातून चार वेळा जायचं ते दोन झालं, दोनाचं एक झालं. एगोन वारला तेव्हा अकरा वर्षांची सेसिली थोरगोर आजीबरोबर बर्फावर खेळायला नॉर्वेला गेली होती. तिला बोलवायचं का, असं स्टेननं विचारलं. मेरेटे म्हणाली, राहू दे, लहान आहे.

तोवर नाक्स्कोवची रया गेली होती. सत्याऐंशीत जहाजकारखाना बंद पडला आणि अर्धं गाव सकाळी सहाला उठून कुठं जायचं याचा विचार करत बसू लागलं. ब्यार्नेची पाठ आधीच गेलेली. दोन-तीन ठिकाणी खटपट करून तो शेवटी घरी बसला आणि मागच्या काचघरात टोमॅटो लावायला लागला. कोनी वृद्धाश्रमात साफसफाईला जाऊ लागली, हंगामाला साखर कारखान्यात. ज्या डोक्यानं मास्तर गार व्हायचे, ते डोकं तिनं फरशा पुसण्याच्या पाळ्या लावण्यात वापरलं. तिनं लावलेल्या पाळ्यांत कधी घोळ झाला नाही असं अजूनही सांगतात.

कोनीला एकच मुलगी, माइब्रिट. सेसिलीहून वर्षानं मोठी. हे नाव पहिल्यांदा ऐकून एस्थरबाई म्हणाल्या होत्या, "अगंबाई, किती... आनंदी नाव." मेरेटेही हसली होती.

दोन हजार सालच्या जूनमध्ये माइब्रिटच्या डोक्यावर लाल पट्ट्याची पांढरी टोपी चढली. बारावी पार करून ती टोपी घालणारी बाकांच्या घरातली ती पहिली. जुलैअखेर पत्र आलं, कोपनहेगनला औषधशास्त्राला जागा मिळाली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोनीचा फोन आला.

"तुला त्रास द्यायचा नव्हता," कोनी म्हणाली. कोनीनं आयुष्यात बहिणीकडं काही मागितलं नव्हतं, त्यामुळे मागताना कसं बोलतात हेही तिला माहीत नव्हतं. "माइब्रिटला राहायला जागाच मिळेना. वसतिगृहात नंबर लावलाय, पण तो यायला वर्ष जाईल म्हणतात. भाड्याच्या खोल्या तर विचारूच नकोस. तुमच्याकडं नाताळपर्यंत राहिली तर? ती कामाची आहे, बसून खाणारी नाही. कोपऱ्यात पडून राहील."

हेलेरुपलाच मेरेटे आणि स्टेनचं घर होतं, त्यात वरच्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या होत्या. एका खोलीत शिवणयंत्र होतं, ज्यावर कोणी शिवत नव्हतं. दुसरीत पलंग, टेबल, खिडकीतून सफरचंदाचं झाड. फोन जिन्याखाली होता. मेरेटेला दोन्ही दारं तिथूनच दिसत होती.

"अगं, नेमकं आत्ताच..." ती म्हणाली. "स्टेनच्या आई राहायला यायच्या आहेत. त्यांचं वय झालं. वरचा मजला त्यांनाच लागणार."

"अच्छा."

"नाहीतर मी आनंदानं—"

"नाही नाही, बरोबर आहे. म्हाताऱ्या माणसाला जागा लागतेच." मग कोनी म्हणाली, "ब्यार्नेनं टोमॅटो पाठवायचे म्हटलंय. पाठवू का?"

टोमॅटो आले. एस्थरबाई राहायला आल्या नाहीत. त्या स्वतःच्या घरात आणखी नऊ वर्षं अगदी मजेत जगल्या.

मेरेटेनं नाही का म्हटलं? बरीच वर्षं ती स्वतःला सांगत आली की घाईत तोंडून गेलं. तसं नव्हतं. कोनी बोलत असतानाच तिला पुढचं सगळं दिसलं होतं. न्याहारीच्या टेबलावर माइब्रिट शब्दांची शेपटं गिळत बोलतीय. रविवारी एस्थरबाई त्या बोलण्यावर मान तिरकी करून हसतायत. आठवड्याभरात आपलीही जीभ घसरून पुन्हा हेल काढायला लागलीय. आणि सगळ्यांत खाली, जिथं ती स्वतःही फारशी जात नसे, तिथं आणखी एक गोष्ट होती. सेसिलीला त्या वर्षी गणितात शिकवणी लावली होती. त्याच घरात, समोरच्या खोलीत, कोनीची मुलगी बसून तीच गणितं खाली मान घालून पटापट सोडवताना तिला बघायची नव्हती.

त्या देशात शिक्षणाला पैसा पडत नाही. सरकार मुलांना दरमहा खर्चायलाही देतं. त्यामुळे कोणी मागं राहिलं की लोक म्हणतात, त्याचं त्यानंच केलं नसेल. माइब्रिटनं पहिला आठवडा नाक्स्कोवहून गाडीनं जाऊन येऊन काढला. जायला तीन तास, यायला तीन. मग ती जागा तिनं सोडली. पुढच्या वर्षी बघू म्हणून आईच्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना अंघोळी घालायच्या कामाला लागली. पुढच्या महिन्यातच तिला डेनिस भेटला, ट्रकवरचा, स्वभावानं बरा. पुढच्या उन्हाळ्यात सिग्नेचा जन्म झाला. पुढचं वर्ष कधी आलंच नाही.

सेसिलीला वकिलीला जागा मिळाली तेव्हा स्टेननं तिला कॉलेजजवळ दोन खोल्यांचं घर घेऊन दिलं. त्यांच्या ओळखीत सगळेच घेतात. शेजारच्या बाकावर बसणाऱ्या मुलाशी तिचं जमलं, त्याचे आईबाप दोघंही वकील. लग्न छान झालं. मेरेटे एकदा हिशेब करत होती की त्या लग्नाला आलेल्या तरुण जोडप्यांत दोघांचं शिक्षण एकाच तोलाचं नाही असं जोडपं कोणतं. तिला एकही सापडलं नाही. तिच्या लग्नात असं एक होतं. ते म्हणजे ती स्वतः.

त्यानंतर दोनच वर्षांनी स्टेन म्हणाला की मला वेगळं व्हायचंय. दवाखान्यात भागीदार म्हणून आलेल्या डॉक्टरीणबाईशी त्याचं सूत जमलं होतं. तो ओरडला नाही, खोटं बोलला नाही, आणि त्यामुळे ते आणखी कठीण गेलं. मेरेटे पंचावन्न वर्षांची होती. हातात होतं ते दवाखान्यातल्या मदतनिसाचं जुनं प्रमाणपत्र. ज्या बायका तीस वर्षं तिच्या टेबलावर जेवल्या, त्या दोनदा भेटल्या, तिसऱ्यांदा भेटल्या नाहीत. कोपनहेगनमध्येच वाल्बीला, रेल्वे रुळांजवळ तिनं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि एका दवाखान्यात अर्धवेळ लागली. आपण वर गेलो असं तिला वाटायचं ते वर जाणं नव्हतंच. कोणीतरी हात धरून उभं केलं होतं. हात सुटला आणि ती होती तिथं आली. फक्त आता तिथं तिचं कोणी नव्हतं.

एकोणीस सालच्या मे महिन्यात कोनी पासष्ट वर्षांची झाली. मेरेटे गाडीनं गेली. अंगणात लांब टेबल, कॉफी, क्रिंगल नावाचा गोड पाव, मग डुकराच्या भाजलेल्या मांसाचे तुकडे, कुरकुरीत चामडीसकट, आणि बटाटे. ब्यार्नेची पाठ आता इतकी वाकली होती की कॉफी ओतताना किटली त्याच्या हनुवटीखाली यायची, पण कोनीचा कप तो रिकामा राहू देत नव्हता. चार घरचे चार लोक, वृद्धाश्रमातल्या बाया, मोठमोठ्यानं गाणी. मेरेटे टेबलाच्या टोकाला बसली होती. कोणी तिला टोचून बोललं नाही. उलट एका बाईनं मोठ्या कौतुकानं ओळख करून दिली, "ही कोनीची बहीण, कोपनहेगनची. मोठ्या घरी दिलीय."

दुपारनंतर पाहुणे पांगायला लागले. माइब्रिट स्वयंपाकघरात भांडी घासत होती. अडतीस वर्षांची, आईसारखेच रुंद खांदे, त्यातला उजवा शस्त्रक्रिया होऊन बसलेला. म्हाताऱ्यांना उचलून उचलून गेलेला. वरच्या फळीवर ताट ठेवायचं तर ती डावा हात वापरत होती. मेरेटेनं पुसायचं फडकं घेतलं आणि शेजारी उभी राहिली.

तिला ते सांगायचंच होतं. गाडीत बसल्यापासून ठरवलं होतं. खरं तर वाल्बीच्या घरात एकटी राहायला लागल्यापासून ते तिच्या छातीत बसलं होतं. कुठंतरी बाहेर काढलं तर आपल्याला झोप लागेल, असं तिला वाटत होतं.

"माइब्रिट, मला तुझी माफी मागायचीय."

"काय झालं मावशी? कप फुटला काय?"

"ते दोन हजार सालचं. तुला जागा मिळाली होती तेव्हाचं. स्टेनच्या आई राहायला येणार म्हणून मी सांगितलं होतं ना, ते खोटं होतं. त्या कधी आल्याच नाहीत. यायच्याही नव्हत्या."

माइब्रिटचे हात पाण्यात तसेच राहिले.

"वरच्या दोन्ही खोल्या रिकाम्या होत्या," मेरेटे म्हणाली. एकदा सुरू झालं ते थांबेना. "तू आरामात राहिली असतीस. मी... मला लाज वाटली. तुमची. मग पुढं त्याचीच लाज वाटत राहिली."

"आईनं विचारलं होतं तुम्हाला?"

मेरेटेनं हातातलं फडकं खाली ठेवलं. आपल्या पायाखाली काय आहे हे तिला तेव्हा कळायला लागलं.

"आई म्हणाली होती," माइब्रिट हळूहळू म्हणाली, "की तुमच्याकडं तुमच्या सासूबाई असतात, म्हणून तिनं विचारलंच नाही. उगीच मावशीला अवघडायला नको म्हणून." तिनं हात बाहेर काढले, एप्रनला पुसले. "आणि मी मनात म्हटलं, माझीच आई भित्री. बहिणीला एक शब्द टाकवला नाही तिला. एकोणीस वर्षं म्हणत आले."

दारात कोनी उभी होती. हातात रिकाम्या ताटांची चळत. ती कधी आली हे कोणाला कळलं नव्हतं. पण तिनं पुरेसं ऐकलेलं दिसत होतं.

"तुला माहीत होतं?" माइब्रिटनं आईला विचारलं. "खोटं आहे ते?"

"होय."

"कधीपासून?"

"त्याच नाताळात. थोरगोरबाईंचं कार्ड आलं तुझ्या आजीला, दरवर्षी यायचं तसं. पाठीवर पत्ता त्यांच्या स्वतःच्या घराचा." कोनीनं ताटं ठेवली. "तुला काय सांगायचं होतं मी? सख्ख्या मावशीला तू नकोयस म्हणून? त्यापेक्षा आई भित्री बरी."

माइब्रिटनं एप्रन सोडला, खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि मागच्या दारानं बाहेर गेली. काचघराजवळ ब्यार्ने होता. त्याच्याशी ती बोलली की नुसती उभी राहिली, ते खिडकीतून कळत नव्हतं.

"कोनी—" मेरेटे म्हणाली.

"थांब." कोनीचा आवाज चढला नाही. कधीच चढत नसे. "तुला मोकळं वाटायचं होतं, वाटलं. आता ते माझ्या पोरीच्या डोक्यात बसलं. इतकी वर्षं तिला वाटायचं की तिला जमलं नाही. ते एक बरं होतं बघ, माणूस त्याच्याशी हळूहळू समजुतीनं राहतो. आता रोज एखाद्या म्हाताऱ्याला उचलताना तिला त्या दोन खोल्या दिसणार."

"मी काय करू सांग. काहीही करते."

"काही करू नकोस. तू काही केलंस की आम्हालाच निस्तरावं लागतं."

मेरेटे खुर्चीवर बसली. मग तिनं विचारलं, कारण दुसरं काही सुचत नव्हतं, "तुला कधी वाटलं नाही का, की तू गेली असतीस तर? ती नोकरी तुझी होती."

कोनी खिडकीबाहेर ब्यार्नेकडं बघत होती. "ब्यार्नेबद्दल मला एक दिवस पश्चात्ताप झाला नाही. पण म्हणून त्याला गोंडस करून सांगू नकोस कोणाला. नवरा चांगला मिळाला म्हणून पोरीला अभ्यासाचं टेबल मिळत नाही. कुठला अर्ज कधी करायचा, कोणाला फोन करायचा, हे आम्हाला कुठं माहीत होतं? आमच्यात ते माहीत असलेली एकच होती. तू."

परतीच्या गाडीत मेरेटेला झोप लागली नाही आणि नंतरही बरेच आठवडे लागली नाही. तिनं माइब्रिटला पत्र लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं. त्यात आधी लिहिलं होतं की सिग्ने शिकायला आली तर माझ्याकडं राहू दे. मग वाचताना तिला स्वतःचीच शिसारी आली. जणू खोलीची उधारी नातीवर फेडायची. शेवटी तिनं चार ओळी पाठवल्या, नुसती माफी. उत्तर आलं नाही. इर्माच्या थडग्यावर फुलं ठेवायला ती ऑगस्टमध्ये गेली तेव्हा कोनीनं दार उघडलं, कॉफी दिली, हवापाण्याचं बोलली. माइब्रिट आली नाही.

ऑक्टोबरमध्ये एका दुपारी फोन वाजला. माइब्रिट. आवाज सरळ, कामापुरता.

"मावशी, सिग्नेला पुढच्या वर्षी वकिलीला जायचंय. कोपनहेगनला की ओर्हूसला, कुठं चांगलं, कोणते विषय घ्यायचे, कसं असतं ते, आम्हाला कोणालाच ठाऊक नाही. सेसिली वकील आहे ना? ती बोलेल का तिच्याशी अर्धा तास? राहायचं आमचं आम्ही बघू. राहायचं नाही विचारत."

"बोलेल," मेरेटे म्हणाली. "नक्की बोलेल. मी आत्ताच फोन करते."

"बरं." आणि फोन ठेवला.

मेरेटेनं सेसिलीला फोन लावला. सेसिली ऑफिसात होती, मागं कोणीतरी छापायच्या यंत्राशी झगडत होतं.

"माइब्रिटचा फोन आला होता. तिच्या मुलीला वकिलीबद्दल जरा विचारायचंय."

"कोण माइब्रिट?"

"तुझी मावसबहीण. कोनीमावशीची."

"अच्छा, थांब थांब... ती त्या आजोबांच्या घरची? सशांना खायला घालायची ती?" सेसिली हसली. वाईट मनानं नाही. सेसिली मनानं वाईट नव्हतीच. "तिची मुलगी एवढी मोठी झाली? देईन की वेळ. नंबर पाठव. हुशार आहे का?"

"असणार."

"छान." यंत्राचा आवाज थांबला. सेसिली कुठंतरी दार लावून शांत जागी गेली असावी. "आई, एक विचारू? गंमतच आहे, म्हणजे माझी सख्खी मावसबहीण, आणि मी तिला रस्त्यात ओळखणार नाही. आपण तिकडं कधी जायचोच नाही ना फारसं. का गं? भांडण होतं का काही?"

"नाही," मेरेटे म्हणाली. "त्यांनी कधी भांडण केलं नाही."

"मग?"

मेरेटे खिडकीपाशी उभी होती. खालून एक गाडी गेली, काचा थरथरल्या. सेसिली थांबली होती. ती घाईत होती, पण थांबली होती. आणि मेरेटेच्या ओठांवर तयार कारणं नेहमीसारखी रांगेनं येऊन उभी राहिली होती, लांबचा प्रवास, तुझे वर्ग, तुझी आजी.

"माझ्यामुळे," ती म्हणाली. आणि पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तिनं त्या शब्दाचं शेपूट लोलँडच्या माणसासारखं गिळलं. "ये शनिवारी. बसून सांगते."